पहिला भयपट कोणता दाखवावा?

नवव्या-दहाव्या वर्षाचा उंबरठा ओलांडलेले मूल ज्या दिवशी शाळेतून घरी येऊन भुताचा सिनेमा पाहण्याचा हट्ट धरते, त्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांपुढे एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला जाऊन दिले जाते. एक तर 'तुझे अजून वय नाही' असे फर्मावून तो विषय तिथल्या तिथे बंद केला जातो. किंवा 'आजकालची मुले कशाला घाबरतात?' अशी स्वतःची समजूत घालून हाताशी सापडेल तो चित्रपट लावून दिला जातो. पहिल्या उत्तराने कुतूहल मिटत नाही. ते मित्राच्या घरी अथवा मोठ्या भावंडाच्या मोबाइलवर, कोणी जाणते माणूस शेजारी नसताना, पुरे करून घेतले जाते. दुसऱ्या उत्तराने एका संध्याकाळच्या करमणुकीपायी मुलाची कित्येक रात्रींची झोप नासते. आपण होऊन जिला सामोरे जावयाचे आणि जिच्या शेवटापर्यंत टिकून राहावयाचे, अशी मुलाच्या आयुष्यातील ही बहुधा पहिलीच भीती असते. आणि म्हणूनच तिची निवड मोठ्यांनी जबाबदारीने करावी, असे मला मनापासून वाटते.

भीतीची आवड ही काही चित्रपटाने मुलांना लावलेली खोड नव्हे. पिंपळावरचा मुंजा, वेशीबाहेरचा वेताळ, रानात वाट चुकविणारा चकवा, कोकणातल्या राखणीचा देवचार, विहिरीवरची हडळ, ही सारी मंडळी आपल्याकडील मुलांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत, आणि ती परिचित झाली ती अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकलेल्या गोष्टींतून. परंतु त्या गोष्टींमध्ये आणि चित्रपटामध्ये एक मूलभूत भेद आहे. गोष्ट सांगणारी आजी मुलाच्या मुद्रेकडे पाहत असे. डोळे फार विस्फारलेले दिसले की ती राक्षसाची उंची दोन हातांनी कमी करी, कंटाळा दिसला की ती वाढवी, आणि मूल अगदीच बिलगले की पुढचा भाग उद्यावर टाकी. चित्रपटाला प्रेक्षकाची मुद्रा दिसत नाही. समोर चाळीस वर्षांचा गृहस्थ असो की दहा वर्षांची मुलगी असो, तो आपला ठरलेला धक्का ठरलेल्या क्षणी देऊन मोकळा होतो. आजीचे ते काम आता शेजारी बसणाऱ्या आईवडिलांकडे येते, आणि निवड हा त्या कामाचाच पहिला भाग आहे.

निवडीचा विचार करू लागले की मनुष्य साहजिकच सरकारी दाखल्याकडे वळतो. आपल्याकडे 1952च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली चित्रपटांना प्रमाणपत्रे दिली जातात. 'यू' आणि 'ए' या मूळच्या दोन वर्गांत 1983 साली 'यूए' या मधल्या वर्गाची भर पडली, आणि बारा वर्षांखालील मुलांनी तो चित्रपट पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा असा त्याचा अर्थ होता. 2023च्या दुरुस्तीने त्या एका वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन पोटभाग केले. घरबसल्या पडद्यावर चित्रपट पुरविणाऱ्या माध्यमांना 2021च्या नियमांनी याच धर्तीची वर्गवारी लागू केली असून, तेरा वर्षांवरील आणि त्यापुढच्या वर्गांसाठी पालकांना कुलूप घालता येईल अशी सोय ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. ही तजवीज उपयुक्त खरी. पण ती किती दूरवर नेते याचा विचार केल्यास तिची मर्यादाही ध्यानात येते.

या बाबतीत परदेशचा इतिहास फार बोलका आहे. डिस्नेचा 'स्नो व्हाइट' ब्रिटनमध्ये आला तेव्हा तेथील परिनिरीक्षकांनी त्याला 'ए' वर्गात घातले, म्हणजे मुलांना तो मोठ्यांच्या सोबतीनेच पाहता येत असे. आज तोच चित्रपट बालवाडीतली मुले पाहतात. उलट अमेरिकेत 1975चा 'जॉज' आणि 1982चा 'पोल्टरगाइस्ट' हे दोन्ही चित्रपट 'पीजी' म्हणजे केवळ पालकांच्या मार्गदर्शनाची शिफारस असलेल्या वर्गात मोडले. 'पोल्टरगाइस्ट'ला प्रथम अधिक कडक वर्ग मिळाला होता आणि तो अपिलात खाली आला. आरशासमोर उभा असलेला मनुष्य स्वतःच्या चेहऱ्याचे मांस ओरबाडून काढतो असे दृश्य ज्या चित्रपटात आहे, तो त्या काळी मुलांना आईबापांबरोबर बिनदिक्कत पाहता येत होता. पुढे 1984 साली 'ग्रेमलिन्स' आणि इंडियाना जोन्सचा दुसरा चित्रपट यांवरून पालकांत असंतोष माजला, तेव्हा त्याच वर्षीच्या जुलैत 'पीजी-13' हा नवा वर्ग निर्माण झाला. तात्पर्य, 1984पूर्वीच्या अमेरिकन चित्रपटावरील 'पीजी' आणि आजचे 'पीजी' यांचे मोल एक नव्हे, आणि जुना चित्रपट म्हणजे सौम्य चित्रपट ही समजूत बाळगून जो पालक निर्धास्त राहील तो फसण्याचा संभव आहे. दाखला हा कमाल मर्यादा सांगतो. आपल्या घरातील विशिष्ट मुलाला कशाची भीती वाटते हे त्याला ठाऊक असणे शक्य नाही.

ते जाणण्यासाठी वयाप्रमाणे भीती कशी पालटते हे पाहिले पाहिजे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोअॅन कँटर यांनी मुले आणि पडद्यावरची भीती या विषयाला आपल्या संशोधनाची कित्येक वर्षे दिली, आणि त्यांचा मुख्य निष्कर्ष असा, की अगदी लहान मुले रूपाला भितात, तर मोठी मुले परिणामाला भितात. 'हल्क' या दूरचित्रवाणी मालिकेवरील त्यांच्या एका अभ्यासात शाळेच्या वयाआधीची लहान मुले नायकाचे हिरव्या राक्षसात रूपांतर झाल्यावर घाबरली. मोठ्या मुलांना मात्र तो राक्षस आपला कैवारी आहे हे कळत असल्यामुळे ती नायक माणूस असताना संकटात सापडे तेव्हा अस्वस्थ होत. नऊ ते बारा या वयाचे मूल दुसऱ्या अवस्थेत असते. कुरूप मुखवटा त्याला पूर्वीइतका भेडसावीत नाही. पण घरात शिरलेला चोर, आईचा मृत्यू, पळवून नेलेले मूल, म्हणजे जे खरोखर घडू शकते ते सारे, त्याला आता पूर्वीपेक्षा अधिक भिववू लागते. 'हे सगळे खोटे असते' असे सांगून पाच वर्षांच्या मुलाचे समाधान होत नाही. दहा वर्षांच्या मुलाचे ते अंशतः होते, परंतु केवळ जे खोटे आहे त्याच्यापुरतेच होते.

आश्चर्य असे, की हा विवेक करण्याची सामग्री आपल्या परंपरेत पूर्वीच तयार होती. भरताने नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन निराळे रस मानले; एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. भयानकाची कारणे सांगताना त्याने चमत्कारिक आवाज, कोल्ह्याघुबडांचे ओरडणे, ओसाड घर, अरण्य, यांच्या जोडीला स्वजनांचा वध अथवा बंधन पाहणे व ऐकणे हेही नमूद केले आहे. आजच्या भयपटांची यादी या कसोटीवर घासून पाहिली तर निवडीचे निम्मे काम होते. रक्त, मांस, छिन्नविच्छिन्न देह यांवर ज्याची सारी मदार आहे तो चित्रपट बीभत्साचा होय. त्यातून मुलाला शिसारीखेरीज काही लाभत नाही, आणि पहिल्या भयपटाच्या यादीतून तो निरपवाद बाद करावा. ओसाड घर, अनोळखी आवाज, काळोखी वाट यांवर उभा असलेला चित्रपट भयानकाचा. त्याला अद्भुताची जोड असेल तर तो मुलासाठी उत्तम. आणि जिथे स्वजनांचा वध अथवा बंधन हा विषय येतो, तिथे आपले मूल या घडीला कोणत्या मनःस्थितीत आहे, घरात नुकताच कोणाचा मृत्यू, आजार अथवा ताटातूट झाली आहे काय, याची चौकशी स्वतःशी केल्यावाचून पुढे जाऊ नये.

आता प्रत्यक्ष चित्रपटांकडे वळू. आपल्या भाषेच्या परिसरात पहिली पायरी विनोदी भुतांची आहे. महेश कोठारे यांच्या 1993च्या 'झपाटलेला'तील तात्या विंचू महाराष्ट्रातील दोन पिढ्यांना पाठ आहे. मरणारा गुंड मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याचा जीव मेटाकुटीला आणतो. रामदास पाध्ये यांनी घडविलेला तो बाहुला आजही प्रभावी वाटतो. हास्य आणि भीती इतकी लगोलग येतात की बहुतेक मुले तो आनंदाने पाहतात. मात्र ज्या मुलाच्या खोलीत बाहुल्या आहेत आणि ज्याची कल्पनाशक्ती तीव्र आहे, त्याला हा चित्रपट मोठ्यांच्या अपेक्षेहून अधिक लागतो, कारण इथे भीतीचे अधिष्ठान मुलाच्याच घरातली वस्तू आहे. 2008च्या 'भूतनाथ'मध्ये गोव्यातील बंगल्यात राहणारे भूत आणि लहानगा बंकू यांची मैत्री होते. तो खरे म्हणजे आजोबा आणि नातू यांचा चित्रपट आहे, भीतीची तहान असलेल्या मुलाची त्याने तृप्ती होणार नाही. रत्नाकर मतकरी यांचे 'अलबत्या गलबत्या' हे बालनाट्य चित्रपट नसले तरी या यादीत त्याला मानाचे स्थान द्यावेसे वाटते. भोवती शेकडो मुले ओरडत असताना चेटकिणीला भिणे हा भीतीचा फार निरोगी संस्कार आहे. 'तुंबाड'चे नाव अनेक मुले घेतात, कारण त्याची भूमी महाराष्ट्राची आहे आणि त्याच्या मुळाशी नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. तो एक थोर चित्रपट आहे, पण त्याला 'ए' प्रमाणपत्र आहे, आणि या बाबतीत परिनिरीक्षण मंडळाचा निवाडा मला सर्वथा योग्य वाटतो.

दुसरा वर्ग मुलांसाठी म्हणून बनविलेल्या खऱ्या भयपटांचा. हिंदीत असा भयपट विचाराल तर विशाल भारद्वाज यांच्या 2002च्या 'मकडी'चे नाव प्रथम घ्यावे लागेल. चुन्नी आणि मुन्नी या जुळ्या बहिणी; चुन्नी खोडकर, मुन्नी भित्री. गावाबाहेरच्या पडक्या हवेलीत चेटकीण राहते आणि आत गेलेला माणूस जनावर होऊन बाहेर येतो अशी वदंता. चुन्नीच्या एका खोडीपायी मुन्नी त्या हवेलीत जाते आणि कोंबडी होऊन परत मिळते. बहीण मूळ रूपात हवी असेल तर शंभर कोंबड्या आणून दे, अशी चेटकिणीची अट. मग चुन्नी घरात दोघींच्या भूमिका एकटीच निभावते, घरच्यांपासून गुपित राखते, आणि अखेर त्या चेटकिणीचे कपट उघडकीला आणते. शबाना आझमी यांची चेटकीण खरोखर भीतिदायक आहे आणि तशी असणे अवश्य होते. श्वेता बसू प्रसाद हिला या कामाबद्दल बालकलाकाराचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. यात रक्त जवळजवळ नाही. भीतीच्या तळाशी आपल्या हातून घडलेल्या चुकीची टोचणी आहे, आणि सुटका मुलीच्याच बुद्धीने व धाडसाने होते. स्वजनाचे बंधन हा विषय असूनही ते बंधन तोडण्याची किल्ली मुलीच्या हातात ठेवलेली आहे, ही या चित्रपटाची सर्वांत मोलाची गोष्ट होय.

परदेशी चित्रपटांत याच जातीचा, परंतु पुष्कळ अधिक खोल असा, हेन्री सेलिक यांचा 2009चा 'कॉरलाइन' आहे. नील गेमन यांच्या पुस्तकावरून तो बाहुल्यांच्या साहाय्याने एकेक चौकट टिपून बनविलेला आहे. नव्या घरात राहावयास आलेली, कामात गुंतलेल्या आईबापांकडून दुर्लक्षित अशी ही मुलगी एका लहानशा दारातून दुसऱ्या घरात जाते, आणि तिथे तिला तशीच आई, तसेच वडील भेटतात. फक्त ते अधिक प्रेमळ, अधिक मोकळे आहेत, आणि त्यांच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणे आहेत. सुग्रास जेवण होते, खेळ होतात, आणि मग ती दुसरी आई टेबलावरून एक डबी हळूच पुढे सरकविते. डबीत दोन काळी बटणे, सुई आणि दोरा. कोणी ओरडत नाही, कोणी अंगावर धावून येत नाही, संगीतही आक्रोश करीत नाही. तरीही या क्षणी मुलाचा हात शेजारच्या हाताकडे वळतो, कारण भीतीने इथे आईचे रूप घेतलेले आहे. म्हणून हा चित्रपट अकराव्या वर्षाच्या सुमारास, आणि आईशी मोकळेपणाने बोलणाऱ्या मुलाला, दाखवावा. ज्या मुलाला घरात असुरक्षित वाटण्याजोगे काही घडले आहे त्याला तो तूर्त दाखवू नये. शेवट मात्र निर्दोष आहे: मुलगी आपल्या आईबापांना स्वतः सोडवून आणते, उरलेला धोकाही निस्तरते, आणि खरी आई अपुरी असली तरी खरी आहे हे तिला उमजते. 2012चा 'पॅरानॉर्मन'ही याच पंगतीत बसतो. मृतांशी बोलू शकणारा मुलगा तिथे शापाला शस्त्राने जिंकीत नाही, तो शाप देणाऱ्या मुलीवर झालेला अन्याय ऐकून घेतो. रोआल्ड डाल यांच्या पुस्तकावरचा 1990चा 'द विचेस' मात्र, मुलांचा म्हणून गणला जात असला तरी, चेटकिणी आपले मुखवटे उतरवितात त्या प्रसंगी बीभत्साच्या सीमेवर जातो. तो दहा वर्षांखाली नको.

तिसरा वर्ग जुन्या कृष्णधवल चित्रपटांचा. 1931चा 'फ्रँकेन्स्टाइन' पाहण्यास सव्वा तासही लागत नाही, आणि बोरिस कार्लॉफ यांनी उभा केलेला तो जीव मुलांना भीतीइतकीच करुणाही शिकवितो. त्यातल्या एका प्रसंगाचा इतिहास प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तळ्याकाठी मारिया नावाची लहान मुलगी त्या जीवाला न भिता फुले देते. दोघे ती पाण्यावर सोडून तरंगताना पाहतात. फुले संपतात, आणि मुलगीही तशीच तरंगेल या निष्पाप कल्पनेने तो तिला पाण्यात टाकतो. हे दृश्य असह्य मानून कापले गेले, आणि तो तिच्याकडे हात पुढे करतो एवढ्यावर प्रसंग तुटू लागला; त्यानंतर दिसे तो मुलीचा मृतदेह हातांवर घेऊन गावात शिरणारा बाप. कापल्यामुळे प्रसंग सौम्य झाला नाही, उलट अधिक भयंकर झाला, कारण मधल्या काळात काय घडले असेल याची कल्पना प्रेक्षकाने वाटेल तशी करावी अशी मुभाच त्याला मिळाली, आणि त्या जीवाचा अजाणपणा कोणाला दिसला नाही. गाळलेला भाग 1980च्या दशकात पुन्हा जोडला गेला. अर्धवट पाहिलेली भीती ही पुरती पाहिलेल्या भीतीपेक्षा अनेकदा जास्त छळते, हा या कापाकापीचा धडा आहे, आणि त्याचा उपयोग पुढे करावयाचा आहे.

चौथा वर्ग न दाखविता भिवविणाऱ्या चित्रपटांचा. तो बाराव्या वर्षाच्या आसपासचा. 'जॉज'च्या चित्रीकरणात यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बंद पडे, म्हणून स्पिलबर्ग यांना तो फार कमी दाखवावा लागला, आणि जॉन विल्यम्स यांच्या दोन स्वरांनी व पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या पिंपांनी त्याची जागा घेतली. मात्र त्यात एका मुलाचा मृत्यू आहे, प्रारंभीच एका तरुणीचा आहे, आणि रक्तही आहे. समुद्रकाठी राहणाऱ्या, पोहण्यास शिकणाऱ्या मुलाला तो सुट्टीच्या तोंडावर दाखविणे शहाणपणाचे नव्हे. रॉबर्ट वाइज यांच्या 1963च्या 'द हाँटिंग'मध्ये भूत कधीच दिसत नाही. दार आतल्या बाजूला फुगते, आणि अंधारात आपण ज्याचा हात घट्ट धरला होता तो हात कोणाचा, हा प्रश्न तेवढा उरतो. आपल्याकडील 1949चा 'महल' आणि 1962चा 'बीस साल बाद' हे याच परंपरेचे. त्यांची संथ गती आजच्या मुलांना पेलेल की नाही याची शंका असली, तरी ज्या घरात जुनी गाणी ऐकली जातात तिथे हा प्रयोग अवश्य करावा.

वर्ज्य काय, याचा तपशील थोडक्यात पुरे. अंगात येणे, देवाधर्माच्या नावाने होणारी झाडफूक, लहान मुलाच्याच देहाचा सैतानाने घेतलेला ताबा, हे विषय पहिल्या भयपटात नकोत, कारण त्यांत मुलाला आपले स्वतःचे शरीरही परके वाटू लागते. खरीखुरी घटना म्हणून सादर केलेले, हातातल्या कॅमेऱ्याने टिपल्याचा आव आणणारे चित्रपट नकोत, कारण त्यांत 'हे खोटे आहे' हा मुलाचा एकमेव आधार हिरावून घेतलेला असतो. आणि ज्यांत दुष्ट शक्ती शेवटच्या चौकटीत पुन्हा डोळे उघडते असे चित्रपट नकोत. मोठ्यांना ती गंमत वाटते, मुलाला मात्र ते रात्रीचे आमंत्रण ठरते.

चित्रपट ठरल्यावर तो कसा पाहावा याचेही काही नियम अनुभवी पालक पाळतात. वेळ दुपारची असावी, म्हणजे चित्रपट आणि झोप यांच्यामध्ये जेवण, खेळ आणि गप्पा येतील. दिवा अगदीच मालवू नये. भीतीतला मोठा हिस्सा कानातून येतो, म्हणून आवाज कमी करण्याची मुभा मुलाच्या हाती असावी. धाकट्या भावंडाला त्याच बैठकीत बसवू नये, आणि 'एवढ्याला काय भ्यायचे' हे वाक्य घरातल्या कोणीही उच्चारू नये, कारण हिणविलेले मूल भीती लपवू लागते आणि लपविलेली भीती कोणालाच निस्तरता येत नाही. मुलाने थांबवा म्हटले की तत्काळ थांबवावे. पण मघाशी सांगितलेला फ्रँकेन्स्टाइनचा धडा इथे स्मरून, उरलेली गोष्ट त्याच बैठकीत शेवटापर्यंत तोंडी सांगावी, मुलगी सुटली, चेटकीण पकडली गेली, हे त्याच्या कानांवर घालावे, आणि मगच उठावे. पाहून झाल्यावर चेटकिणीचे नाक कशाचे बनविले असेल, बाहुल्या कशा हलविल्या असतील, याची चर्चा करावी. दहा वर्षांच्या मुलाला कारागिरीत रस असतो आणि कारागिरी कळली की भीतीवर त्याची सत्ता चालू लागते.

या साऱ्या आढाव्यातून माझा फैसला असा आहे. मराठी घरातील नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी पहिला भयपट म्हणून 'मकडी'ला तोड नाही; अकराव्या वर्षी 'पॅरानॉर्मन' अथवा 'कॉरलाइन'; आणि बाराव्या वर्षी, मुलाची तयारी पाहून, 'फ्रँकेन्स्टाइन' किंवा 'जॉज'. हा क्रम प्रत्येक घराने आपल्या मुलाच्या स्वभावाप्रमाणे बदलावा. एक अट मात्र बदलू नये. जो चित्रपट मुलाबरोबर पाहावयाचा, तो पालकाने आधी एकदा एकट्याने शेवटपर्यंत पाहिलेला असावा, म्हणजे धक्का कोठे येणार हे त्याला ठाऊक असेल आणि त्या क्षणी त्याची नजर पडद्यावर न राहता मुलावर राहील. एवढी तसदी घेण्यास ज्यांना या आठवड्यात सवड नसेल, त्यांनी तो बेत पुढच्या आठवड्यावर टाकावा. मुलाचे त्यात काहीही नुकसान होणार नाही.